हात लावायच्या आधी सांगा : एक्स-रे, सीटी, एमआरआय टेक्निशियनसाठी

पेशंट आपल्याकडे असतो किती वेळ, एक्स-रेला पाच मिनिटं, एमआरआयला फार तर अर्धा-पाऊण तास. पण तेवढ्या वेळात तो एकटा असतो, नातेवाईक बाहेर, अंगावर गाऊन, खोली गार, समोर एवढं मोठं मशीन, आणि पुढे काय होणारे ते त्याला माहीत नसतं. म्हणून मी एकच गोष्ट धरून ठेवलीये, जे होणारे ते होण्याआधी सांगायचं. टेबल हलायच्या आधी, सुई टोचायच्या आधी, आवाज सुरू व्हायच्या आधी.

हे मी चूक करून शिकलो. सुरुवातीच्या दिवसांत एका काकांचा कॉन्ट्रास्ट सीटी होता, म्हणजे इमेज स्पष्ट याव्यात म्हणून शिरेतून औषध देऊन केलेला. औषध गेल्यावर अंग गरम होतं, तोंडाला धातूसारखी चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं, हे सांगायचं घाईत राहून गेलं. काकांना वाटलं खरंच कपडे ओले झाले, ते घाबरून स्कॅन चालू असतानाच उठायला लागले, इमेज सगळ्या हलल्या. आणि बाहेर येताना ते माझ्याकडे बघत नव्हते, मान खाली. एक वाक्य सांगितलं असतं तर काहीच झालं नसतं.

आता सुरुवातीपासून. नाव विचारताना "तुम्ही अमुकच ना?" असं विचारू नका, घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा" असं विचारा आणि फॉर्मशी जुळवा. मग "कुठे दुखतंय, हाताने दाखवा". फॉर्मवर उजवा गुडघा आणि पेशंट डावा दाखवतोय असं झालं तर तिथेच थांबायचं, डॉक्टरांना फोन करायचा, अंदाजाने एक्सपोजर द्यायचं नाही.

प्रेग्नन्सीबद्दल विचारायचं असेल तर नातेवाईकांसमोर नाही, बाजूला घेऊन. सासू किंवा आई शेजारी उभी असेल तर खरं उत्तर मिळेलच असं नाही.

फ्रॅक्चरच्या पेशंटचा हात-पाय आपण ओढून पोझिशनला आणायचा नाही. जमतंय तेवढं त्यालाच हलवू द्यायचं, नाहीच जमलं तर ट्यूब आणि डिटेक्टर फिरवायचे. मणक्याला मार लागल्याचा संशय असेल तर कॉलर (मानेचा पट्टा) काढायची नाही आणि एकट्याने वळवायचं तर अजिबातच नाही. स्ट्रेचर, व्हीलचेअरचे ब्रेक लावलेत का ते प्रत्येक वेळी बघा, यात आळस नको.

रेडिएशनबद्दल पेशंट विचारतातच, आणि "काही नाही होत हो" हे उत्तर नाही. छातीच्या एका एक्स-रेचा डोस साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक) असतो आणि निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात, म्हणजे दोनेक आठवड्यांत मिळतं तेवढं, असं सांगितलं की माणूस शांत होतो. सीटीचा डोस याच्या कितीतरी पट असतो, तेही लपवायचं नाही, डॉक्टरांनी तो का सांगितलाय ते समजावायचं. आणि पेशंट हलल्यामुळे रिपीट घ्यावा लागला तर तो डोस फुकट जातो, म्हणून श्वास रोखायचा सराव आधी एकदा करून घ्या.

कॉन्ट्रास्ट देण्याआधी आधीची अ‍ॅलर्जी, किडनीचा त्रास, डायबेटिसच्या गोळ्या विचारायच्या, शंका आली तर रेडिओलॉजिस्टला विचारूनच पुढे जायचं. औषध जाताना सुईच्या जागी दुखलं, फुगलं तर लगेच ओरडून सांगा असं पेशंटला सांगून ठेवा, आणि पहिले काही सेकंद स्वतः तिथे नजर ठेवा.

एमआरआयमध्ये सगळ्यात जास्त बोलावं लागतं. मॅग्नेट कायम चालू असतो, स्कॅन चालू नसला तरी, त्यामुळे ऑक्सिजनचा साधा सिलेंडर आत गेला तर जीवघेणं होऊ शकतं. नुसतं "अंगात काही मेटल आहे का" विचारलं तर लोक नाही म्हणतात. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, अंगावर औषधाची पट्टी आहे का, असं एकेक नाव घेऊन विचारा. हाताची बोटं एकमेकांत गुंतवू देऊ नका, कातडीला कातडी लागली तर भाजू शकतं, मध्ये पॅड ठेवा. कानात प्लग नीट बसलेत का स्वतः बघा, आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. मग हातात आपल्याला बोलवायचा बॉल द्यायचा आणि एकदा दाबून बघायला लावायचं, बेल वाजते हे त्याला ऐकू आलं की अर्धी भीती तिथेच जाते. प्रत्येक सिक्वेन्सच्या (स्कॅनच्या एकेका टप्प्याच्या) आधी माईकवर बोला, "आता चार मिनिटं ठकठक आवाज येईल, छान चाललंय". आणि बॉल दाबला की लगेच उत्तर द्यायचं, सिक्वेन्स संपू दे मग बघू असं नाही.

"काय दिसलं हो?" हे सगळे विचारतात. रिपोर्ट आपण सांगायचा नाही, पण नजर चुकवून गप्पही राहू नका, त्यावरून पेशंट वाईटच अंदाज काढतो. "इमेज चांगल्या आल्यात, रेडिओलॉजिस्ट बघून रिपोर्ट देतील, तो अमुक वेळेला मिळेल" एवढं त्याच्याकडे बघून सांगा.

झाल्यावर घाईने उठवू नका. आधी बसवा, पाय खाली सोडून मिनिटभर, चक्कर येतेय का विचारा, मग उभं करा. कॉन्ट्रास्ट दिला असेल तर अर्धा तास समोर बसवून ठेवा, कॅन्युला (शिरेतली नळी) तोपर्यंत काढायची नाही.