मूळ मृत्युपत्र सापडत नसेल तर

अमळनेरला शेतीच्या वादात हा प्रश्न माझ्यापुढे नेहमी येतो. मी आधी विचारते, कागद शेवटी कोणाकडे होता? वडिलांच्याच पेटीत असून आता नसेल, तर त्यांनीच तो फाडून रद्द केला असं न्यायालय गृहीत धरू शकतं. म्हणून शोध नीट घ्या: सातबाऱ्यांच्या पिशव्या, बँकेचा लॉकर, लिहून देणारा लेखनिक, जुने वकील. कुठं, कोणासमोर शोधलं ते टिपून ठेवा, शपथपत्रात ते लागतं.

नोंदणीकृत असेल तर दुय्यम निबंधकाकडून नक्कल मिळते. पण नुसत्या नकलेनं मृत्युपत्र सिद्ध होत नाही! मूळ हरवल्याचं पटवून दुय्यम पुराव्याची, म्हणजे मूळ कागदाऐवजी नक्कल वगैरे पुरावा म्हणून देण्याची, परवानगी घ्या (भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३, कलम ६०). शिवाय मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही केलेल्यांपैकी हयात असलेल्या किमान एकाला न्यायालयात तपासावंच लागतं. त्याला विचारतील, मयतानं तुमच्यासमोर सही केली का, तुम्ही त्यांच्यासमोर केली का? तो अंथरुणाला खिळला असेल तर कमिशन नेमून घरी जबाब घ्यायचा अर्ज लगेच करा.

प्रोबेटसाठी (मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला) उत्तराधिकार अधिनियम १९२५ चं कलम २३७ नकलेला किंवा मसुद्याला, आणि दोन्ही नसतील तर कलम २३८ पुराव्यानं शाबीत होणाऱ्या मजकुराला वाट देतं.