किनाऱ्यावर काम करायचंय? आधी तिथी बघा

भूरूपशास्त्राकडे, म्हणजे जमिनीचे आकार कसे घडतात याच्या अभ्यासाकडे वळलेली मुलं मला हमखास विचारतात, 'सर, कोणतं सॉफ्टवेअर शिकू?' माझं उत्तर त्यांना फारसं आवडत नाही. आधी भरती-ओहोटी शिका, सॉफ्टवेअर दोन महिन्यांत येतं.

कोकणात जुना ठोकताळा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे नऊच्या आसपास ओहोटी. थोडंफार मागेपुढे होतं, नेमक्या वेळेसाठी भरतीचे तक्ते आहेतच, पण फील्डचा दिवस ठरवायला एवढं पुरतं. यातून एक गोष्ट आपोआप कळते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात समुद्र सगळ्यात मागे हटतो आणि पुळणीचा (वाळूच्या किनाऱ्याचा) एरवी पाण्याखाली असणारा भाग मोजायला मिळतो. पण त्या दिवसांत भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणून ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातला. पुण्याहून पहाटेची एसटी धरून काही हाती लागत नाही, आदल्या रात्रीचा मुक्काम हवा.

पहिलं फील्ड हरिहरेश्वरला करा. देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी कापलेला खडकाळ मंच आहे आणि कड्याच्या अंगावर जाळीसारखी भोकं पडलेली आहेत. ही भोकं लाटांनी पाडलेली नाहीत, हे नवख्यांना पटत नाही. उडालेलं खारं पाणी खडकाच्या छिद्रांत मुरतं, सुकतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण कण सुटत जातो. लाटांचा मारा खाली, पायथ्याशी. एकाच कड्यावर दोन वेगळ्या प्रक्रिया काम करतात, त्या वेगळ्या ओळखायला शिकणं हाच त्या दिवसाचा अभ्यास. भरती चढू लागली की मात्र तिथून निघायचं, फोटो राहिला तरी. तिथे माणसं वाहून गेलेली आहेत.

रत्नागिरीकडे खडक बदलतो, तशी झिजण्याची तऱ्हाही. वर जांभ्याचा कडक सडा, म्हणजे सपाट पठार, खाली मऊ माती. समुद्र खालचं कोरत राहतो आणि वरचा जांभा आधार सुटला की ढेकळांनी कोसळतो.

वाळूचा किनारा मोजायला महागडं यंत्र लागत नाही. एमरी नावाच्या शास्त्रज्ञाने 1961 मध्ये मांडलेली पद्धत आजही चालते. दीड मीटरच्या दोन सारख्या काठ्या घ्या, त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा करा आणि ठरावीक लांबीची दोरी बांधा. एक काठी समुद्राच्या बाजूला, दुसरी जमिनीच्या. उतार समुद्राकडे असेल तर समुद्राकडच्या काठीचं टोक आणि क्षितिजाची रेषा एका ओळीत आणायची. ती ओळ जमिनीकडच्या, म्हणजे तुमच्या हातातल्या काठीला टोकापासून जितकी खाली छेदते तितका उतार. क्षितिज हीच तुमची फुकटची पाणसळ. असं पाण्यापर्यंत करत गेलं की किनाऱ्याच्या उताराची एक रेषा मिळते. तीच रेषा मे महिन्यात मोजा आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा मोजा. पावसाळ्यातल्या उंच, लागोपाठच्या लाटा वाळू ओढून नेतात आणि समोर उथळ पाण्यात तिचे दांडे घालतात. थंडीतल्या शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. काही पुळणींवर ऑगस्टमध्ये काळ्या जड रेतीचे पट्टे दिसतात. हलके कण गेले, जड मागे राहिले. म्हणून जुलैतलं मोजमाप दाखवून 'किनारा खचला' म्हणणाऱ्याशी मी वाद घालत बसत नाही, डिसेंबरचं मागतो.

उपग्रहचित्रांत वेळ न बघण्याची हीच चूक जास्त महागात पडते. लँडसॅटची 1972 पासूनची आणि सेंटिनेल-2 ची 10 मीटर तपशिलाची चित्रं फुकट मिळतात, मग दोन चित्रं घेऊन पाण्याच्या रेषा जुळवायचा मोह होतो. पण उतार पन्नासास एक असेल आणि दोन चित्रांच्या वेळी पाण्याच्या पातळीत दोन मीटरचा फरक असेल, तर रेषा शंभर मीटर सरकते. वाळूचा एक कणही न हलता!

मालवणजवळचं देवबाग बघाच. एका बाजूला कर्ली नदी, दुसरीकडे समुद्र, मधल्या अरुंद वाळूवर गाव. अशा जागी धूपप्रतिबंधक बंधारा घातला की लाट त्यावर आपटून पायथ्याची वाळू उचलते आणि भिंत संपते तिथे पलीकडचा किनारा जास्त खाल्ला जातो. पुस्तकातून आलेला विद्यार्थी लगेच म्हणतो, बंधारा चुकीचा. ज्याच्या अंगणात पाणी येतं त्याच्यासमोर हे बोलून बघा. आणि 'किती मीटर गेलं?' असंही विचारू नका. 'काका, पूर्वी जाळी कुठे सुकवायचात? माड कुठवर होते?' असं विचारलं की ते बोट दाखवतात आणि तुम्हाला मोजता येतं.

नोकरीचं म्हणाल तर संशोधनासाठी दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, चेन्नईचं किनारी संशोधन केंद्र. त्याखेरीज किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची कामं करणाऱ्या सल्लागार कंपन्या. नेट-सेटची तयारी चालू ठेवा, पण मुलाखतीत स्वतः मोजलेली एक रेषा दाखवता आली तर बोलणं वेगळंच होतं.

त्या रेषेचा आरंभबिंदू पक्का निवडा: देवळाचा चौथरा, विहिरीचा कठडा, जुनी दगडी पायरी. माड किंवा सुरूचं झाड नको. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरला अशी झाडं मोठ्या संख्येने आडवी झाली. खूण गेली की आधीची मोजमापं कशाशी ताडणार?