उंट, सुई आणि न सापडलेला दरवाजा

थिऑलॉजीला नव्याने आलेल्यांसाठी लिहितेय. कॉन्टेक्स्ट बघा, मूळ भाषा बघा हे तुम्हाला वर्गात सांगून झालं असेल, ते सोडते. मी ज्यात फसले तेवढंच सांगते, अजून आठवलं की पोटात कालवतं.

दुसऱ्या वर्षी एका खेड्यातल्या मंडळीत उपदेशाला पाठवलं होतं. वचन मार्क 10:25, श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणतो ते. मी छातीठोकपणे सांगितलं की यरुशलेमच्या तटाला 'सुईचं नाक' नावाचा छोटा दरवाजा होता, रात्री मोठी वेस बंद झाली की उंटाचं ओझं उतरवायचं, त्याला गुडघ्यांवर बसवायचं आणि मग तो कसाबसा आत सरकायचा, तर श्रीमंतानेही तसंच ओझं उतरवून नम्र व्हावं. लोकांना फार आवडलं. भक्ती संपल्यावर एक आजी जवळ आल्या, म्हणाल्या, "बाई, दरवाजाच होता तर उंट जाणारच की. मग शिष्य एवढे का दचकले?"

मला उत्तर देता आलं नाही. रात्री 26 आणि 27 परत वाचलं. शिष्य विचारतात, मग तारण होणार तरी कोणाचं? आणि येशू म्हणतो, माणसांना हे अशक्य आहे, देवाला नाही. अवघड नाही म्हणत तो, अशक्य म्हणतो! दरवाजा मधे आणला की उंट आपल्या कष्टाने आत जातो आणि 27 व्या वचनाला कामच उरत नाही.

मग लायब्ररीत शोधलं. अशा दरवाजाचा पहिल्या शतकातला लेखी पुरावा नाही, खोदकामातही नाही, ही गोष्ट मध्ययुगात पुढे येते, म्हणजे येशूनंतर कितीतरी शतकांनी. रोमी सैन्याने इ.स. 70 मध्ये शहर उद्ध्वस्त केलं आणि आजचा जुन्या शहराचा तट तर 16 व्या शतकात सुलतान सुलेमानने बांधलाय, त्यामुळे आज तिथला कुठला छोटा दरवाजा दाखवून काहीच सिद्ध होत नाही.

दुसरी पळवाट दोरीची, म्हणजे मूळ शब्द उंट नव्हे, दोर होता असं म्हणायचं. ग्रीकमध्ये उंट म्हणजे 'कामेलोस' आणि जाड दोर म्हणजे 'कामिलोस', पुढे दोन्हींचा उच्चार सारखाच झाला आणि काही नंतरच्या हस्तलिखितांत दोर आलाही, पण जुन्या प्रतींत उंटच आहे. आणि दोर तरी नेढ्यातून कुठे जातो? बाबेलच्या ताल्मूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात, सुईच्या नेढ्यातून हत्ती जाण्याची गोष्ट अशक्य म्हणूनच येते. तो ग्रंथ येशूनंतर काही शतकांनी पुरा झाला हे धरूनही, असं बोलायची रीत ज्यू लोकांत होती एवढं त्यातून दिसतं.

म्हणून कोणीही "त्या काळी असं होतं" म्हटलं की आधी विचारा, हे आपल्याला कुठल्या काळातल्या कशावरून कळलं? आणि ती माहिती वचनाची धार बोथट करत असेल तर दुप्पट संशय घ्या. युट्यूबवरच्या 'हिब्रू सिक्रेट' वाल्यांपासून तर लांबच राहा, माझा दरवाजा तिथलाच होता.

पण घाबरून पार्श्वभूमी सोडूही नका. प्रकटीकरण 3 मधलं लावदिकीयाचं कोमट पाणी घ्या. त्या शहरातल्या मंडळीला येशू म्हणतो, तू थंड नाहीस, गरम नाहीस, कोमट आहेस, म्हणून तुला तोंडातून ओकून टाकीन. 'थंड' म्हणजे देवाला सोडलेला असं मी लहानपणापासून ऐकलं, मग तू थंड असतास तरी बरं होतं असं येशू का म्हणेल? शेजारी हेरापलीला, म्हणजे तुर्कस्तानातल्या आजच्या पामुक्कलेला, गरम झरे, कलस्सैकडे थंड पाणी, दोन्ही कामाचं, म्हणजे 'थंड' ही निंदा नव्हेच. लावदिकीयात पाणी पाइपातून यायचं, ते कोमट होऊन पोचायचं असं म्हणतात, आणि क्षार साचलेले ते पाइप आजही तिथे आहेत. अभ्यासकांत यावरही वाद आहे, पण निदान पुरावा हाताला लागतो, आणि वचन अडत होतं ते सुटतं.

गुरू निवडताना, माझं मत, जो "मला माहीत नाही, बघून सांगतो" म्हणतो तो धरा. प्रत्येक वचनाला तयार गोष्ट असणारे मला आता नको वाटतात.

पुढच्या वर्षी त्या गावात परत गेले, तेच वचन घेतलं आणि आधी उभं राहून सांगितलं की मागच्या वेळी मी चुकीचं शिकवलं होतं. पाय लटपटत होते. कोणी रागावलं नाही, आजींनी फक्त 27 वं वचन परत एकदा वाचायला सांगितलं.