वाडग्याची आतली गोलाई बिघडते कुठे? या चुका टाळा

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, केलेल्या बाहेरून देखण्या लाकडी वाडग्यातही आतून बोट फिरवलं की चूक सापडते. काठापासून बोट सरळ खाली येतं, आणि भिंत संपून तळ सुरू होतो तिथे अडखळतं. डोळ्यांना न दिसलेला उंचवटा बोटाला लागतो.

याचं कारण बहुतेक वेळा गाऊजच्या (पन्हळीदार छिन्नीच्या) बेव्हलमध्ये, म्हणजे धारेमागच्या उतारात असतं. 40–45 अंशांच्या गाऊजने काठ आणि भिंत सुरेख निघते. खोल वाडग्यात मात्र वळणापाशी गाऊजची दांडी काठाला अडते, मूठ आणखी वळवता येत नाही आणि बेव्हल लाकडावरून सुटतो. मग धार एकतर खोल घुसते, नाहीतर उड्या मारते. वळण आणि तळ यांसाठी 60–65 अंशांचा दुसरा गाऊज ठेवा आणि दोन्ही काप वळणाच्या थोडं वरच एकमेकांत मिसळा. बेव्हलची मागची टाचही, म्हणजे धारेपासून दूरची कड, घासून उतरवा. ती आतल्या वळणावर घासते आणि लाकूड दाबून चकचकीत वळ उठवते. हे वळ तेल लावल्यावरच दिसतात. तोवर लेथ बंद करून झालेला असतो.

काठावर गाऊज घसरून ओरखडा उठतो, कारण सुरुवातीला बेव्हलला टेकायला काहीच नसतं. पन्हळ घड्याळाच्या तीनकडे, म्हणजे वाडग्याच्या मध्याकडे ठेवून टोकाने आत शिरा. बेव्हल टेकला की पन्हळ दोनकडे उघडा.

पूर्ण पोकळी काढून मग भिंत पातळ करायला जाऊ नका. मधलं लाकूड गेलं की भिंत लवते, कंप पावते आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. काठाकडून 25–30 मिमीचा टप्पा घ्या, कॅलिपरने जाडी मोजून तो पुरा करा, मग पुढचा. ओलं लाकूड असेल तर काठ कातता कातताच लंबगोल होऊ लागतो, म्हणून झालेल्या टप्प्यावर परत गाऊज लावायचा नाही.

मध्यभागी बोंडी उरते ती टोक मध्याच्या वर किंवा खाली चालल्यामुळे. टूल रेस्टची (हत्यार टेकवायच्या पट्टीची) उंची जुळवा. शेवटच्या 20 मिमीत लाकडाचा वेग जवळपास शून्यावर येतो, तेव्हा हातही मंद करा. मध्य ओलांडलात तर पलीकडचं लाकूड वर येत असतं, ते गाऊज उचलून फेकतं.

आंब्यासारख्या मऊ लाकडात समोरासमोर दोन खरखरीत पट्टे राहतात. तिथे तंतू उलटे कापले जातात. 80 नंबरचा पॉलिश कागद घासत बसलात तर मऊ भाग जास्त झिजतो आणि गोलाईच जाते. धार नव्याने लावा आणि अर्ध्या मिमीचा शेवटचा काप काठाकडून मध्याकडे घ्या. सागात धार लवकर लावावी लागते, कारण त्यातली सिलिका (वाळूसारखा कठीण घटक) ती खाते. वेगाचं म्हणाल, तर 250 मिमीच्या, नीट तोललेल्या वाडग्याला मिनिटाला 600 ते 900 फेरे. ओबडधोबड ठोकळा याहून बराच कमी वेगाने सुरू करा.

स्क्रॅपर (खरवडायचं हत्यार) तळापुरताच बरा. आत तो मध्यरेषेच्या किंचित वर, मूठ थोडी उचलून धरा. अडकला तर धार खाली, मोकळ्या जागेत जाते. पातळ भिंतीवर तो सपाट लावलात, तर वाडगा किंचाळायला लागतो. तिथेच हात काढा.