सरासरी ९०, तरी गेम अडखळतो

चतुर्थीला भाच्याने गेमसाठी १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकणारा मॉनिटर घेतला. माटोळी (गणपतीवर टांगलेली फळा-पानांची मांडणी) उतरायच्या आधीच डिचोलीहून त्याचा फोन: "मामा, पैसे पाण्यात. काडीचा फरक दिसत नाही." नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) निमित्ताने मी गेलो.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले. रिफ्रेश रेट, म्हणजे तोच हर्ट्झचा आकडा, ६० वरच बसलेला. तो १४४ केला. तुम्हीही आधी हेच बघा. माऊसचा बाण गोल फिरवला तरी फरक कळतो.

तरी गेममध्ये मागे वळलं की धक्का बसायचाच. भाचा कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवून म्हणे, "पण ९० एफपीएस येतात!" अरे, एफपीएस म्हणजे सेकंदाला बनणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं, आणि ९० ही त्यांची सरासरी. चोडणच्या फेरीबोटी तासाला चार सुटल्या, तर हिशेबाने दर पंधरा मिनिटांना एक. पण चारही पाठोपाठ सुटल्या आणि मग पाऊण तास धक्का रिकामा, तरी तासाला चारच. उभा राहणारा शिव्या घालतो ते त्या पाऊण तासाला.

म्हणून रिव्हाट्यूनर हा प्रोग्राम टाका (फुकट आहे) आणि फ्रेमटाइमचा, म्हणजे एकेका फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा, आलेख स्क्रीनवर आणा. ६० एफपीएसला एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० ला ३३.३. रेघ सपाट हवी. भाच्याची रेघ ११ वर शहाण्यासारखी चालायची आणि वळलं की ४० पर्यंत सुळका. टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं) 'अल्ट्रा' वर, ग्राफिक्स कार्डाची मेमरी काठोकाठ भरलेली. टेक्स्चर एक पायरी खाली आणलं, सुळके गेले. चित्रात काय बिघडलं ते त्यालाही दाखवता आलं नाही.

मग व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या तालावरच दाखवणारी सेटिंग) चालू ठेवून ७२ एफपीएसची मर्यादा घातली. ६० का नाही? १४४ ला ६० ने पूर्ण भाग जात नाही. काही फ्रेम पडद्यावर दोन वेळा राहतात, काही तीन वेळा, आणि डोळ्याला ते खुपतं. ७२ ला प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा. फ्रीसिंक किंवा जी-सिंक असेल तर ही कटकट नाही, मॉनिटरच कार्डासाठी थांबतो. याच्या स्वस्तातल्या मॉनिटरला ते नव्हतं.

लॅपटॉपवाल्यांनो, पहिली दहा मिनिटं झकास आणि मग मंद, असं होत असेल तर सेटिंग चाळत बसू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात तो तापून स्वतःच वेग कमी करतो. पंख्यातली धूळ काढा, मागची बाजू उचलून ठेवा.

भावोजी सोफ्यावरून म्हणाले, "सिनेमा २४ फ्रेमवर चालतो, त्याला कोण रडत नाही." खरं आहे. पण कॅमेऱ्याच्या फ्रेममध्ये हालचाल पुसट उमटते, म्हणून दोन फ्रेम एकमेकींत मिसळतात. गेमची फ्रेम बहुधा कोरीव असते. शिवाय सिनेमाचा नायक तुमच्या माऊसने वळत नाही.

भाच्याचा डोळा आता २४० हर्ट्झवर आहे. ३० वरून ६० ला गेलं की फ्रेममागे १६.७ मिलिसेकंद वाचतात, १४४ वरून २४० ला तीनसुद्धा नाहीत. हे त्याला कागदावर मांडून दिलं. कागद त्याने नेवऱ्यांच्या डब्याखाली घातला.