एम माउंटची लेन्स: स्वस्त की मधल्या किमतीची? आधी पट्टी धरून बघा

लाइकाच्या एम माउंटच्या (लेन्स बसवायच्या जोडणीच्या) रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी, म्हणजे ज्यात व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा जुळवून हाताने फोकस लावतात त्यासाठी, सेव्हनआर्टिझन्स, टीटीआर्टिझनची स्वस्त लेन्स घ्यावी की जास्त पैसे मोजून फोक्टलेंडर? दुकानातच दहा मिनिटांत ठरवता येतं. डिजिटल बॉडी सोबत न्या.

१. शाळेतली पट्टी टेबलावर तिरकी ठेवा, शून्याचं टोक तुमच्याकडे. मीटरभर अंतरावरून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून १५च्या रेघेवर फोकस करा. तीन फोटो काढा, दर वेळी फोकस नव्याने लावून.
२. स्क्रीनवर मोठं करून बघा. तिन्ही वेळा १५ऐवजी १३ धारदार, तर लेन्स हवं त्यापेक्षा पुढे, तुमच्या जवळ फोकस करतेय.
३. तसंच लांबच्या इमारतीवर.

स्वस्त लेन्स इथे पास झाली तर बिनधास्त घ्या; अ‍ॅपर्चर एफ/५.६ इतकं लहान ठेवून रस्त्यावरचे फोटो काढणाऱ्याला ती पुरते. एफ/१.४ला चेहरे टिपायचे असतील तर मी फोक्टलेंडरची नोक्टन ३५ मिमी घेईन. जेमतेम २०० ग्रॅमची, व्ह्यूफाइंडरही फारसा अडवत नाही, आणि रोज गळ्यात कॅमेरा असला की हे फार जाणवतं.

एक सांभाळा: तुमच्या सगळ्याच लेन्स एकाच बाजूला चुकत असतील, तर दोष बॉडीच्या रेंजफाइंडरचा. आधी तो जुळवून घ्या.