कापूस-तुरीच्या भावाचे मराठी एसएमएस थ्रॉटल एररने परत येत असतील तर

लक्षण: यवतमाळकडच्या शेतकऱ्यांना सकाळी भाव पाठवताना सुरुवातीचे मेसेज जातात, मग एसएमपीपीच्या (ऑपरेटरकडे एसएमएस सोपवायचा प्रोटोकॉल) लॉगमध्ये एरर ८८ (हेक्समध्ये ५८) सुरू होतो. हाच थ्रॉटल एरर, म्हणजे मर्यादेपेक्षा वेगाने पाठवताय. इंग्रजी मेसेज मात्र सुरळीत जातात. याने फार डोकं खाल्लं.

बाइंड (ऑपरेटरच्या सर्व्हरशी असलेली जोडणी) वाढवून, सर्व्हर रीस्टार्ट करून काही झालं नाही. बाइंड वाढवल्यावर तर एरर वाढले, कारण एसएलएमधली (ऑपरेटरशी झालेला सेवा करार) वेगाची मर्यादा अख्ख्या नोडवर, म्हणजे सगळ्या बाइंडना मिळून एकच होती.

खरी गोम मोजणीत आहे. एसएलए मेसेज मोजत नाही, सबमिट मोजतो, म्हणजे ऑपरेटरकडे सोपवलेला प्रत्येक तुकडा. देवनागरीचं एक अक्षर आलं तरी पूर्ण मेसेज यूसीएस-२ या एन्कोडिंगमध्ये जातो: एकटा असेल तर ७० चिन्हं, तुकडे पडले तर प्रत्येकी ६७. काना-मात्रा वेगळ्या धरतात. ‘सोयाबीन’ म्हणजे ७ चिन्हं. म्हणून १५० चिन्हांचा मेसेज ३ सबमिट खातो.

हे याच क्रमाने करा. आधी ऑपरेटरकडून मर्यादा लेखी घ्या आणि ती खात्यावर, बाइंडवर की नोडवर आहे तेही विचारा. नोडवर असेल तर सगळ्या बाइंडना मिळून एकच काउंटर ठेवा. मर्यादा सेकंदाला १० असेल तर ३ तुकड्यांचे मेसेज सेकंदाला ३च सोडा. नंतर ८८ आला की तो तुकडा रांगेत मागे टाका आणि थांबून पाठवा. लगेच पाठवलेला रिट्राय त्याच कोट्यातून जातो. एक तुकडा राहिला तरी मेसेज फोनवर धड दिसत नाही.

एरर २० असेल तर ऑपरेटरकडची रांग भरली आहे, तिथे हा उपाय पुरणार नाही.